हरवलेली बारा मिनिटं: नागपुरातल्या एका फेलओव्हरचं प्रकरण

मे महिन्यातली दुपार, पारा ४५ च्या पुढे. चारच्या सुमारास धुळीचं वादळ उठलं, पाठोपाठ वळवाचे टपोरे थेंब आले आणि अर्ध्या शहराची वीज गेली. ५ वाजून २० मिनिटांनी माझा फोन वाजला. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या एका ग्राहकाचं औषधांचं शीतगृह आहे, तिथले पाळीवरचे दादा बोलत होते.

‘साहेब, इथं मीटर साडेअकरा दाखवून राहिलं. तुमच्या मशीनचा फोन काऊन नाही आला?’

मी त्यांची खोली स्क्रीनवर उघडली. आलेखात सगळं दिसत होतं. ४:४० ला तापमान ८ अंशांच्या वर गेलं होतं आणि तेव्हापासून चढतच होतं. सलग २० मिनिटं ८ च्या वर राहिलं की शीतगृहात फोन करायचा, असा आमचा नियम. म्हणजे फोन ५:०० ला जायला हवा होता. मी दादांना कॉम्प्रेसरचा स्टार्टर बघायला सांगितलं. ते बघत असतानाच, ५:२६ ला, त्यांच्या दुसऱ्या मोबाइलवर आमच्या यंत्रणेची घंटी वाजलेली मला इकडे ऐकू आली.

२६ मिनिटं उशीर झाला होता. त्या खोलीत इन्सुलिन होतं, लसी होत्या, म्हणजे २ ते ८ अंशांत ठेवायचा माल. सगळा माल वेगळा काढून ठेवावा लागला, उत्पादकांकडे तापमानाची नोंद पाठवून उत्तराची वाट बघावी लागली. काही खोकी पुन्हा विक्रीला गेली, काही नष्ट करावी लागली. कुणाच्या तरी घरच्या फ्रीजमध्ये पोचायची औषधं होती ती. ही गोष्ट मी अजून मनातून काढलेली नाही, आणि हे प्रकरण इतकं सविस्तर लिहिण्याचं कारणही तेच.

फेलओव्हर म्हणजे चालू यंत्र पडलं की राखीव यंत्राने काम हाती घेणं. त्या दिवशीच्या आमच्या नोंदीत ‘फेलओव्हर यशस्वी, ४ सेकंद’ असं लिहिलेलं आहे. ते खोटं नव्हतं.

आमची मांडणी

शीतगृहांमध्ये आमचे १,१०० सेन्सर आहेत. प्रत्येक सेन्सर दर ३० सेकंदांनी तापमान पाठवतो, म्हणजे सेकंदाला साधारण ३७ इव्हेंट. मोठ्या यंत्रणांच्या मानाने हा आकडा अगदीच लहान. खोलीतल्या गेटवेकडून, म्हणजे सेन्सरचे आकडे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डब्याकडून, एमक्यूटीटी या संदेशपद्धतीने संदेश नागपुरातल्या आमच्या सर्व्हरवर यायचे. सर्व्हर दोन होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोघांचे यूपीएस वेगळे, डेटाबेसची प्रत सतत राखीववर जायची. आयपी पत्ता मात्र एकच, आणि तो व्हीआरआरपी या नेटवर्कच्या पद्धतीने या यंत्रावरून त्या यंत्रावर सरकायचा. व्हीआरआरपीत मुख्य यंत्र दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देतं. लागोपाठ तीन हाका चुकल्या की राखीव यंत्र पत्ता स्वतःकडे घेतं. आमचे ४ सेकंद तिथून आलेले.

नियम तपासणारा प्रोग्राम दोन्ही यंत्रांवर चालू असायचा. कुठली खोली किती मिनिटं वर आहे, हा हिशेब तो स्वतःच्या मेमरीत ठेवायचा. २० मिनिटांची सवलत का, तर माल चढवताना-उतरवताना दार उघडं राहतं आणि तापमान थोडा वेळ वर जातंच. प्रत्येक वेळी फोन केला तर आठवड्याभरात लोक आमचा नंबर बंद करून ठेवतील.

आता त्या दिवसाचा क्रम लावतो. बुटीबोरीत वीज गेल्यावर जनरेटर लागला होता, दिवेही आले. पण कॉम्प्रेसरचा स्टार्टर ट्रिप होऊन बसला होता. दिवे लागले म्हणजे सगळं चालू आहे असंच कुणालाही वाटणार. ४:४० ला खोलीने ८ अंश ओलांडले आणि आमच्या मुख्य सर्व्हरने मोजायला सुरुवात केली. ४:५२ ला आमच्याकडचा यूपीएस बसला. त्याच्या बॅटऱ्या जिन्याखालच्या बंद कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना जवळपास निम्मं होतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात त्या कोपऱ्यात काय होत असेल ते सांगायला नको. मुख्य सर्व्हर पडला, राखीवने ४ सेकंदांत पत्ता घेतला, संदेश वाहू लागले.

राखीवच्या मेमरीत बुटीबोरीची खोली शून्य मिनिटांवर होती. तोवरच्या १२ मिनिटांची त्याला काहीच खबर नव्हती. त्याच्या हिशेबाने फोन ५:१२ ला जायचा.

तोही गेला नाही, कारण ५:०६ ला आमच्याकडे वीज आली, मुख्य सर्व्हर उठला आणि त्याने पत्ता परत ओढून घेतला. व्हीआरआरपीत तशी सोय मुळातच चालू असते. जास्त मान असलेलं यंत्र परत आलं की गादी त्याची. नुकत्याच उठलेल्या या यंत्राची मेमरीही कोरीच. राखीवने मोजलेली १४ मिनिटं तशीच सोडून मोजणी तिसऱ्यांदा शून्यापासून सुरू झाली. ५:०६ मध्ये २० मिळवले की ५:२६.

याहून वाईट गोष्ट मधल्या वेळात घडली. आमचा दुसरा नियम असा होता की सेन्सर १० मिनिटं गप्प राहिला तर ग्राहकाला संदेश पाठवायचा. पत्ता गेल्यामुळे राखीव सर्व्हरकडे ५:०६ नंतर एकही इव्हेंट आला नाही. त्याच्या लेखी १,१०० च्या १,१०० सेन्सर गप्प झाले. ५:१६ ला त्याने सगळ्या ग्राहकांना ‘सेन्सर बंद’ असे संदेश सोडायला सुरुवात केली. दादांच्या मोबाइलवर एकामागून एक संदेश पडत होते, आणि एकातही त्यांच्या तापत्या खोलीबद्दल शब्द नव्हता. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला, उठून दारावरचं मीटर बघितलं आणि मला फोन लावला. त्या दिवशी आमच्या यंत्रणेपेक्षा त्यांचं उठून बघणं कामाला आलं.

डेटाबेसमध्ये मात्र त्या तासाभरातली एकही नोंद चुकलेली नव्हती. मुख्य पडला तेव्हा पोच न मिळालेले संदेश गेटवेंनी पुन्हा पाठवले होते. तापमान सगळं होतं, ते किती वेळापासून वर आहे हे मोजणाराच दर वेळी नवा होता.

दर महिन्याला आम्ही फेलओव्हरची चाचणी करायचो आणि दर वेळी ती पास व्हायची, ही मला सगळ्यात टोचणारी बाब. चाचणी रविवारी सकाळी व्हायची, ग्राहकांना त्रास नको म्हणून. रविवारी सकाळी सगळ्या खोल्या ४-५ अंशांवर शांत असतात. एकही मोजणी अर्धवट नसते, त्यामुळे पुसलं जाण्यासारखं काही नसतंच. यंत्र उठतं, आकडे हलतात, आपण खूण करतो.

पहिली डागडुजी आणि तिने शिकवलेलं

दुसऱ्याच दिवशी आम्ही सोपा उपाय केला. नियमांचा प्रोग्राम उठला की डेटाबेसमधून मागच्या ३० मिनिटांच्या नोंदी वाचायच्या, त्या पुन्हा नियमांतून घालायच्या आणि मग नव्या इव्हेंटकडे वळायचं. ३७ गुणिले १,८०० सेकंद, म्हणजे ६६ हजारांच्या आसपास नोंदी. चार-पाच सेकंदांचं काम.

हा उपाय केला, चाचणी घेतली, आणि फोन आलाच नाही.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. आमचा नियम ‘किती वेळ झाला’ हे सर्व्हरच्या घड्याळावर मोजत होता. इव्हेंट हातात पडला ती वेळ, आधीचा पडला ती वेळ, आणि त्यातलं अंतर. नेहमीच्या दिवशी हे चालून जातं, कारण इव्हेंट घडणं आणि हाती पडणं यांत सेकंदाचाच फरक असतो. पण अर्ध्या तासाच्या नोंदी चार सेकंदांत वाचल्या की सर्व्हरच्या घड्याळाने ती खोली चारच सेकंद तापलेली दिसते. फेलओव्हरनंतर जुने इव्हेंट पुन्हा वाजवायचे असतील तर नियमांनी इव्हेंटच्या अंगावरची वेळ मानायला हवी, म्हणजे सेन्सरने मोजलं ती वेळ. नियमाच्या आत कुठेही ‘आत्ता किती वाजले’ असं सर्व्हरला विचारायचं नाही. माझ्या मते फेलओव्हरचा पर्याय निवडण्याच्याही आधीची ही पायरी आहे. ती चुकली की पुढचा कुठलाही पर्याय घ्या, परिणाम बिघडणारच.

आम्ही इव्हेंटची वेळ मानायला लागलो आणि लगेच दिसलं की तीन गेटवेंची घड्याळं चुकीची आहेत. त्यातला एक बरोबर साडेपाच तास मागे होता. कुणीतरी भारतीय वेळेऐवजी ग्रिनिच वेळ भरून ठेवली होती, आणि आजवर ती वेळ कुणी वाचतच नसल्याने ते लक्षात आलं नव्हतं. आता प्रत्येक गेटवे घड्याळ जुळवल्याची खूण संदेशासोबत पाठवतो. खूण नसेल तर त्या गेटवेसाठी आम्ही संदेश पोचल्याची वेळ धरतो आणि तशी नोंद करतो.

पर्यायांचा विचार

डागडुजी झाली तरी दोन यंत्रं एकाच खोलीत, एकाच फीडरवर होती. मोठा बदल करायचाच होता. इव्हेंट प्रक्रियेतल्या फेलओव्हरचे पर्याय काही नवे नाहीत. ब्राउन विद्यापीठ आणि एमआयटीच्या संशोधकांनी २००५ मध्ये एका निबंधात त्यांची जी विभागणी केली, ती आजही जशीच्या तशी कामी येते. पहिला पर्याय विस्मरणाचा, म्हणजे राखीवने कोऱ्या पाटीने उठायचं. नकळत आम्ही तोच निवडलेला होता. दुसऱ्यात मुख्य यंत्र आपली स्थिती ठरावीक वेळाने राखीवकडे उतरवून ठेवतं. तिसऱ्यात दोघेही सगळे इव्हेंट चघळत असतात, बोलतो मात्र एकच. चौथ्यात वरच्या टप्प्याने इव्हेंट जपून ठेवायचे आणि खालचा पडला की त्याच्या वारसाला पुन्हा द्यायचे.

आम्ही पाच जण टेबलाभोवती बसलो तेव्हा पहिला तासभर ‘आपल्याला यातला कुठला हवा’ यावरच वाद झाला. दोघांना तिसरा हवा होता, कारण दोन मोजणारे सतत जागे असतील तर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. मलाही तो मोह होता. मग आमच्यातल्या सगळ्यात नव्या सहकारी मुलीने विचारलं, ‘सर, पण आपले सगळे टप्पे सारखे कुठे आहेत? संदेश घेणाऱ्याला काही लक्षात ठेवावं लागतं का?’ तिथून चर्चेला वळण लागलं. आम्ही फळ्यावर एकेक टप्पा लिहिला आणि प्रत्येकासमोर दोन प्रश्न मांडले. हा टप्पा काय लक्षात ठेवतो? आणि तो विसरला, किंवा एकच गोष्ट दोनदा बोलला, तर शीतगृहात नेमकं काय होईल?

संदेश घेणारा टप्पा काहीच लक्षात ठेवत नाही. येईल ते पुढे लिहितो. तिथे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू ठेवले, एक पडला तर गेटवे दुसऱ्याशी जोडला जातो. यावर दहा मिनिटंसुद्धा गेली नाहीत.

२० मिनिटांच्या नियमाची आठवण अर्ध्या तासाची. तिच्यासाठी चौथा पर्याय पुरतो. इव्हेंट भरवशाच्या नोंदवहीत असले की नव्या यंत्राने अर्धा तास मागे जायचं आणि वाचत पुढे यायचं. स्थिती उतरवून ठेवायची भानगड नाही, दोन यंत्रं समांतर चालवायचाही खर्च नाही.

खरी अडचण मासिक हिशेबाची होती. औषधांच्या साठवणुकीत मीन कायनेटिक टेम्परेचर काढतात. साधी सरासरी उष्ण तासांचं नुकसान झाकते, हा आकडा त्या तासांना जास्त वजन देतो. आम्ही तो ३० दिवसांचा काढतो. एका सेन्सरच्या दिवसाला २,८८० नोंदी, ३० दिवसांच्या ८६,४००, आणि १,१०० सेन्सरच्या मिळून साडेनऊ कोटी. फेलओव्हरच्या वेळी एवढं पुन्हा वाचत बसणं शक्य नाही. तिथे दुसरा पर्याय घेतला. दर मिनिटाला हिशेबाची स्थिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये उतरवायची, आणि नोंदवहीतला कितवा इव्हेंट वाचून झाला तो आकडाही त्याच व्यवहारात लिहायचा. या ‘त्याच’वर मी अडून बसलो. स्थिती एका ठिकाणी आणि आकडा दुसऱ्या ठिकाणी ठेवला, आणि यंत्र नेमकं दोघांच्या मधे पडलं, तर काही नोंदी दोनदा मोजल्या जातात किंवा सुटतात. दोन्ही एकाच व्यवहारात असले की एक तर दोन्ही जातात किंवा दोन्ही राहतात.

तिसरा पर्याय, दोघांनी समांतर मोजायचा, शेवटी कुठल्याच नियमासाठी घेतला नाही. त्यात दोघांना इव्हेंट एकाच क्रमाने मिळायला हवेत, नाहीतर दोघांची उत्तरं हळूहळू फाकत जातात आणि बरोबर कोण हे कळत नाही. शिवाय गप्प बसलेल्याने बोलायला कधी लागायचं हा प्रश्न उरतोच. तो फुकट सुटत नाही. जिथे एका सेकंदाचाही खंड चालत नाही, तिथे हा खर्च रास्त ठरेल. २० मिनिटांच्या नियमाला एक सेकंद वाचवून काय मिळणार?

हे सगळ्या निर्णयाचं मूळ होतं. ४ सेकंदांचा फेलओव्हर आमच्याकडे कुणी मागितलाच नव्हता. ग्राहकाला विसाव्या मिनिटाला फोन हवा होता, बदली एका मिनिटात झाली असती तरी त्याचं काही बिघडलं नसतं. वेग मोजायला सोपा असतो म्हणून आम्ही तोच मोजत बसलो.

नोंदवही कुठे ठेवायची

इव्हेंटच्या नोंदवहीसाठी काफ्का हे तयार सॉफ्टवेअर घेतलं. सेकंदाला ३७ इव्हेंटसाठी काफ्का फार मोठा पडतो हे मला मान्य आहे. पण मागे जाऊन पुन्हा वाचणं, तीन ठिकाणी प्रती ठेवणं आणि कुठला वाचक, म्हणजे नोंदी वाचणारा प्रोग्राम, जिवंत आहे ते ठरवणं या तिन्ही गोष्टी त्यात तयार मिळतात, आणि पाच जणांच्या चमूने त्या स्वतः लिहू नयेत असं माझं ठाम मत आहे. इव्हेंटवर नियम चालवणारं फ्लिंक हे तयार सॉफ्टवेअर मात्र टाळलं. नियम मोजके आहेत, ते आमच्याच प्रोग्राममध्ये राहिले.

दोन यंत्रांनी एकमेकांवर नजर ठेवण्यातली खोट आम्ही पाहिलीच होती. समोरचा गप्प झाला तर तो मेला की मधली तार तुटली, हे दोघांपैकी कुणालाही ठरवता येत नाही. तिसरा साक्षीदार लागतो. म्हणून तीन ब्रोकर, म्हणजे काफ्काचे सर्व्हर, मुंबईतल्या क्लाउडच्या तीन वेगवेगळ्या झोनमध्ये, म्हणजे स्वतंत्र डेटा सेंटरांत. नागपुरातच ठेवावं अशी आमच्या संचालकांची मनापासून इच्छा होती, आणि ती मला समजते. पण तीन स्वतंत्र वीजजोडण्या आणि तीन स्वतंत्र तारा असलेल्या तीन जागा नागपुरात उभ्या करणं आमच्या खिशाबाहेरचं होतं. अंतराची भीती निराधार होती. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तेवढ्या अंतराची जा-ये ७ मिलिसेकंदांची. प्रत्यक्षात तार वळणं घेते, वाटेत यंत्रं लागतात, आकडा वाढतो. वाढून वाढून किती वाढणार?

काफ्काच्या दोन सेटिंग मात्र डोळ्यांत तेल घालून बघाव्यात. प्रतींची संख्या काही न सांगितल्यास १ धरली जाते, ती ३ केली. आणि ‘कमीत कमी किती प्रती अद्ययावत हव्यात’ ही संख्याही मुळात १ असते, ती २ केली. हे दुसरं राहून गेलं तर लिहिणारा ‘सगळ्यांची पोच हवी’ म्हणाला तरी मागे पडलेल्या प्रती त्या ‘सगळ्यां’तून वगळल्या जातात. उरलेला एकटा ब्रोकर होकार देतो, आणि तोही पडला की नोंदी गेल्या. आता एक झोन गेला तर काम चालू राहतं. दोन गेले तर काफ्का नव्या नोंदी नाकारतो, आणि आम्हाला ते नाकारणंच हवं आहे, कारण गेटवेकडे ७२ तासांच्या नोंदी साठवायची सोय केली आहे. खोटी पोच मिळाली तर गेटवे आपली प्रत पुसून टाकेल.

वाचक मेला असं काफ्काने किती वेळाने धरावं, हा आकडा ३.० आवृत्तीपासून ४५ सेकंद आहे, आधी १० होता. जुन्या सवयीने आमच्यातल्या एकाने तो ६ वर आणला. दुसऱ्याच रात्री प्रोग्राम मेमरी साफ करायला क्षणभर थांबला आणि विनाकारण बदली झाली. परत ४५ केला. जुन्या मुख्य यंत्राने उठल्याबरोबर गादी परत मागायची पद्धतही गेली. आता जो चालवतोय तोच चालवतो, परत येणारा रांगेत बसतो.

संपूर्ण मुंबई विभागच गेला तर? २०२२ पासून हैदराबादचाही पर्याय आहे, आणि तिथे आम्ही नोंदवहीची प्रत पाठवतो. ही प्रत थोडी मागून चालते, तिथले नोंदींचे क्रमांकही इथल्यांशी जुळत नाहीत. तेवढ्या दूरवर आपोआप बदली मला नको होती. अर्धवट तुटलेल्या तारेवर दोन्हीकडे एकेक मुख्य उभा राहिला तर निस्तरायला दिवस जाईल. तो निर्णय माणूस घेईल, आणि कुणी घ्यायचा, कुठल्या खुणा दिसल्यावर घ्यायचा, हे कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे. तेवढा वेळ शीतगृह उघड्यावर पडू नये म्हणून गेटवेलाच भोंगा जोडला. ८ अंशांच्या वर २५ मिनिटं गेली आणि वरून ‘फोन केला’ अशी खूण आली नाही, की भोंगा तिथल्या तिथे वाजतो. त्याला इंटरनेट लागत नाही, आम्हीही लागत नाही. सगळ्या बदलांत सगळ्यात स्वस्त वस्तू हीच.

फोन करणारा टप्पा

काफ्कामध्ये २०१७ पासून ‘नेमकं एकदाच’ अशी हमी मिळते. ती काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती आहे. दादांच्या हातातला मोबाइल तिच्या कक्षेत येत नाही. फोनसेवेला विनंती पाठवली आणि उत्तराआधीच आमचं यंत्र पडलं, तर फोन गेला की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. इथे शीतगृहाच्या बाजूने बघितलं. दोनदा फोन आला तर दादा म्हणतील, ‘आत्ताच तर आला होता जी.’ एकदाही नाही आला तर माल जाईल. म्हणून शंका असली की पुन्हा फोन करायचा, आणि शक्य तितक्या दुहेरी विनंत्या आधीच गाळायच्या. प्रत्येक इशाऱ्याची ओळख सेन्सरचा क्रमांक आणि तापमान ८ च्या वर गेलं तो क्षण यांवरून बनते. कुठलंही यंत्र मोजो, कितीदाही मोजो, ओळख तीच निघते आणि तक्त्यात ती दुसऱ्यांदा बसत नाही. शिवाय प्रत्येक बदलीला चढता क्रमांक मिळतो. जुन्या क्रमांकाचं यंत्र झोपेतून उठून काही सांगू लागलं तर फोनचा टप्पा ते ऐकत नाही. ५:१६ चा संदेशांचा पूर या एका अटीने थांबला असता.

गप्प सेन्सरचा नियमही बदलला. आम्ही स्वतःच दर १० सेकंदांनी नोंदवहीच्या प्रत्येक भागात एक खुणेचा इव्हेंट टाकतो. खुणा येताहेत आणि सेन्सर येत नाही, तर सेन्सर गप्प आहे. खुणाच येत नसतील तर आम्ही बहिरे झालो आहोत, आणि तेव्हा संदेश ग्राहकाला न जाता आम्हा पाच जणांना येतो.

टेबलावरचा फ्रीज

रविवारची चाचणी बंद केली. ऑफिसात एक छोटा फ्रीज आणला. त्यात ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवलेला सेन्सर आहे, शीतगृहात असतो तसाच. नुसती हवा पटकन तापते, ग्लायकॉल औषधाच्या कुपीसारखं सावकाश तापतं. महिन्यातून एकदा, कामाच्या दिवशी, जेवणानंतर, ती बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवतो. आकडा ८ ओलांडतो, घड्याळ लावतो. बारा मिनिटं झाली की जो प्रोग्राम मोजतोय तो मारतो. बारा का, ते आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. फोन विसाव्या मिनिटाला यायला हवा. आधी आला तरी नापास, नंतर आला तरी नापास.

पहिल्या वेळी फोन विसाव्या मिनिटाला आला आणि २५ सेकंदांनी पुन्हा आला. सेन्सर पूर्णांकात गोल केलेली वेळ एका वाटेने पाठवत होता आणि मिलिसेकंदांसह दुसऱ्या वाटेने, त्यामुळे एकाच इशाऱ्याच्या दोन ओळखी बनल्या होत्या. ते दुरुस्त केलं. तिसऱ्या महिन्यात आम्ही प्रोग्रामऐवजी एक ब्रोकर मारला, चौथ्यात दोन्ही एकदम. मासिक हिशेब उभा राहायला चार मिनिटं लागतात, ती आम्ही तशीच राहू दिली आहेत. महिन्याच्या आकड्याची कुणी मिनिटामिनिटाला वाट बघत नाही.

हैदराबादची बदली अजून पूर्ण करून पाहिलेली नाही. कागद वाचत तिथवर जातो आणि थांबतो. येत्या उन्हाळ्याआधी एका दुपारी ती खरोखर करायची ठरली आहे, आणि त्या दिवशी बुटीबोरीचे दादा शीतगृहात भोंग्याजवळ उभे राहायला तयार झाले आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मीटर तर मी पाहतोच जी, पण तुमचा फोन किती वाजता येईल ते सांगून ठेवा.’